दोन मिनिटांचं दव

नऊ तास पडलेल्या दवाला मी दोन मिनिटं म्हटलं, आणि त्या जोरावर माझ्या सख्ख्या मामाच्या द्राक्षबागेची फवारणी थांबवली. चूक माझी होती. पेटीची नव्हती, कॉम्प्युटरची नव्हती, हवेचीही नव्हती. पुढे नोकरीच्या मुलाखतींत मी हीच हकिगत ‘एक अवघड दोष कसा शोधला’ अशा थाटात बऱ्याचदा खपवली आणि दोनदा तर तिच्यावर नोकरीही मिळवली. इथे खपवायचं काही कारण उरलेलं नाही. मामा गेले. मामी आहे, पण ती माझं लिहिलेलं वाचत नाही; तिला सगळं आधीपासूनच माहीत आहे.

पुण्यातली माझी कंपनी एका सोमवारी बंद झाली, तेव्हा मी तीन वर्षांचा अनुभवी इंजिनिअर होतो. डिप्लोमावाला, पण गावात तेवढा फरक कोणी करत नाही. दोन शर्ट, एक रेझर आणि सी भाषेचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बोरी बुद्रुकला घरी आलो. तिथे वडील रोज सकाळी दात घासताना ‘आज काय करणार?’ एवढंच विचारायचे. प्रश्न साधा होता, पण तो रोज यायचा. पंधरा दिवसांत मी पिशवी उचलली आणि महाळुंगे पडवळला सोपानमामांकडे गेलो. मामांनी कधी काही विचारलं नाही. आमच्याकडे भाच्याला मान असतो, आणि भाच्यानं त्याचा गैरफायदा घ्यायचा असतो, तो मी मनापासून घेतला.

मामांचं घर बागेच्या कडेला, पत्र्याचं, लांबट. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे: गिरणीची टुकटुक, गोठ्यातल्या गाईचा दावणीशी चाललेला वाद, चुलीपुढे इंदूमामीचा भाकरी थापण्याचा आवाज. त्या थापण्यावरून तिचा त्या दिवशीचा मूड मला झोपेतच कळायचा. मामीच्या हातची मासवडी मी नंतर कुठेही खाल्ली नाही, म्हणजे खाल्ली, पण ती मासवडी नव्हती. वडीच्या आत तीळ-खोबऱ्याचं सारण घट्ट बसवलेलं, कापली तरी एक कण बाहेर पडायचा नाही, आणि बाजूला असा झणझणीत रस्सा की बोलणं बंद. खाताना माझं बोलणं बंद होतं म्हणूनच मासवडी करते, असं मामी म्हणायची.

त्या वर्षी मामांच्या गटानं, म्हणजे सात बागायतदारांनी मिळून, एक परदेशी पेटी घेतली होती. पांढरी, टिफिनच्या डब्याएवढी, लोखंडी पाइपावर बसवलेली. तिच्यातून एक वायर वेलीत शिरायची आणि वायरच्या टोकाला तळहाताएवढी एक पट्टी होती, खोटं पान म्हणा. खऱ्या पानावर दव पडलं की या खोट्या पानावरही पडायचं, आणि रात्रभरात पान किती मिनिटं ओलं राहिलं ते पेटी लिहून ठेवायची. द्राक्षाला डावणी नावाचा रोग येतो, तो ओल्या पानावरच येतो. पान सहा तासांच्या वर ओलं राहिलं तर फवारायचं, नाहीतर औषध वाया घालवायचं नाही, असा हिशेब पेटीबरोबर आलेल्या माणसानं सांगितला होता. माणूस सांगून गेला आणि परत आला नाही. पेटी मामांच्या बागेत उभी राहिली, आणि ती काय लिहिते ते वाचणारं कोणी नव्हतं. मी तिथे रिकामा बसलो होतोच.

मंचरला चंपालालशेठांचं शेतीऔषधांचं दुकान होतं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण शेठ मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, तो गटानं वापरायचा ठरलं. रोज सकाळी मी पेटीला एक डबी लावायचो, ती आतली नोंद गिळायची, मग मामांच्या मोपेडवरून मंचर, डबी कॉम्प्युटरला जोडायची, आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं: ‘फवारा’ किंवा ‘फवारणी नको’. शेठ तो फळा बघून म्हणायचे, माझ्याच दुकानात, माझ्याच विजेवर, माझंच औषध घेऊ नका म्हणून लिहिणारा तू पहिलाच. तरी चहा द्यायचे.

आता पेटी लिहायची कशी, ते सांगायला हवं, कारण माझी फजिती तिथेच आहे. पेटी अक्षरं लिहायची नाही, नुसते आकडे, आणि तेही तिच्या पद्धतीचे. बरोबर आलेली अकरा पानांची झेरॉक्स सांगायची की एका रात्रीची नोंद म्हणजे पाच बाइट. बाइट म्हणजे एक छोटा खण, ज्यात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. पहिल्या खणात पेटीचा नंबर, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात हवेतला ओलावा. पान ओलं असल्याची मिनिटं मात्र दोनशे पंचावन्नच्या वर जाऊ शकतात, म्हणून त्यांना दोन खण.

दोन खणांत एक आकडा कसा मावतो, हे मला मामांनी गोठ्यात विचारलं. मी समोरच्या कडब्याकडे बोट केलं. म्हटलं, समजा दोनशे छप्पन्न पेंढ्या झाल्या की आपण एक ढीग रचतो. पाचशे चाळीस पेंढ्या असतील तर दोन ढीग आणि अठ्ठावीस सुट्या. पेटी आधी सुट्या सांगते, मग ढीग. मामा कडब्याकडे बघत म्हणाले, “म्हंजी आधी चिल्लर, मंग मोठं. आमी उलटं सांगतो.” एवढं नेमकं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. त्या भाषेत अशा नोंदीचा एक साचा करता येतो: एक खण, एक खण, एक खण, मग दोन खणांचा आकडा. साचा केला की पेटीकडून आलेले पाच बाइट एका घासात त्यात ओतायचे आणि हव्या त्या नावानं आकडा उचलायचा. वीस ओळी. पहिल्याच दिवशी चालला. मी स्वतःवर इतका खूश झालो की मोपेडवर गाणं म्हणत आलो आणि नदीच्या उतारावर पडलो.

दोन महिने प्रोग्रॅमनं खरंच काम केलं. फळ्यावर ‘फवारा’ लिहिलं त्या आठवड्यात शेजारच्या गावात डावणी आली, ‘नको’ लिहिलं तेव्हा आली नाही. गटातले बाकीचे सहा जण मात्र फळा वाचायचे, मान डोलवायचे, मला ‘राव, लई हुशार’ म्हणायचे आणि घरी जाऊन नेहमीसारखं फवारायचे. फळ्याप्रमाणे वागणारा माणूस एकच होता, माझा मामा. गटाच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले होते की यंदा माझी बाग भाच्याच्या शब्दावर चालंल, पुढच्या साली तुमी ठरवा. मामा वर्षभरात असं एखादंच वाक्य बोलायचे, आणि बोललं की ते पुरं व्हायचं.

ऑक्टोबरची छाटणी झाली, वेली फुटल्या, घड दिसायला लागले. याच दिवसांत द्राक्षाचं सगळं ठरतं. घडाला एकदा रोग लागला की वर्ष गेलं. नेमका तेव्हाच शेठांचा जुना कॉम्प्युटर धूर सोडून गेला. शेठांनी नवा आणला, रंगीत, झपाझप चालणारा. माझ्या प्रोग्रॅमची फ्लॉपी माझ्याकडे होतीच. पुण्याच्या मित्राकडून नवा कंपायलर आणला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा दुभाषा. मी एक अक्षरही न बदलता तोच प्रोग्रॅम त्याच्यापुढे ठेवला, त्यानं कुरकुर न करता तयार करून दिला. तापमान बरोबर, ओलावा बरोबर. आणि पान ओलं असल्याची मिनिटं: एक. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी शून्य.

मी काय म्हणालो असेन? पावसाळा संपला, म्हणालो. हवा सुकली. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, ‘फवारणी नको’. नोंदीतल्या चारपैकी तीन आकडे बरोबर असले की चौथ्याकडे माणूस संशयानं बघत नाही. हे मला आता, केस पिकल्यावर, फक्त आकड्यांबद्दलच खरं वाटत नाही.

इंदूमामी रोज पहाटे बागेतून चक्कर मारायची. पानाच्या खालच्या बाजूनं हाताची मागची बाजू फिरवायची, तळहात नाही. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला ओल कळत नाही, असं तिचं म्हणणं. एका सकाळी ती चुलीपुढे येऊन बसली आणि हात माझ्यापुढे धरला. कोपरापर्यंत ओला होता.

“ह्ये तुजं दोन मिन्टं?”

मी तिला समजावलं. हो, समजावलं. म्हटलं, मामी, तुम्ही पहाटे एकदाच हात लावता, पेटी रात्रभर मोजते. हाताचा अंदाज असतो, पेटीचं माप असतं. मामीनं पुढची भाकरी जोरात थापली. तिच्या समाधानासाठी मी बागेत जाऊन खोटं पान मामांच्या धुतलेल्या उपरण्यानं पुसून आलो, धूळ बसली असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी आकडा आला: दोन. मी तो विजयानं मामीला सांगितला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, “नक्की का रं?” आणि मी म्हणालो, नक्की. कॉम्प्युटर तपासून सांगितल्यासारखा आवाज होता माझा. तपासलं काहीच नव्हतं.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी मामांना एक गाय बघायची होती. मला सोबत नेलं. टेम्पोंची रांग, गुरांचा वास, दात बघण्यासाठी उघडलेली तोंडं, आणि मामा एका गाईभोवती तासभर हिंडून, तिला न घेता, समाधानानं परत निघालेले. दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो. मामीनं ताटं वाढली. भाकरी ठेवताना तिच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. ती निळी होती. बोटांच्या पेरांतही निळं. मोरचूद-चुन्याचं फवारणीचं पाणी कालवलं की हात असे होतात, आणि दोन दिवस जात नाहीत. मामांनीही ती नखं पाहिली, मी पाहिलं की त्यांनी पाहिली. त्यांनी रस्सा ओतून घेतला आणि गाईच्या शिंगांबद्दल बोलत राहिले.

सकाळी बागेत गेलो तर घराजवळच्या आठ ओळींची पानं निळसर पांढरी झालेली. पाठीवरचा पंप घेऊन एकट्या बाईकडून दिवसभरात तेवढंच झालं होतं. खालच्या बावीस ओळी हिरव्यागार, औषधाचा थेंबही न लागलेल्या. मामा त्या दोन्हींच्या सीमेवर उभे राहिले, एकदा वर पाहिलं, एकदा खाली. त्यांनी मामीला बोल लावला नाही आणि उरलेल्या ओळींवर फवारलंही नाही. बैठकीत शब्द दिला होता. माझ्या शब्दावर दिलेला शब्द. आजही कोणी माझ्या मापावर डोळे मिटून विश्वास टाकला की मला तो माणूस त्या सीमेवर उभा दिसतो, आणि मी आकडा पुन्हा एकदा तपासतो.

आठवड्यानं खालच्या पानांवर तेलाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे डाग दिसले. पान उलटलं की खाली पांढरी लव. मी पेटीला शिव्या घातल्या. वायर बघितली, पाइप हलवला, पेटी उघडून फुंकर मारली. परदेशी माल असाच, असं शेठांना ऐकवलं. मामांनी आता मात्र फवारलं, पण घड तपकिरी पडायला लागले होते, आणि तपकिरी पडलेला घड परत हिरवा होत नाही.

दिवाळी तशीच आली. मामीनं फराळ केला, रोग आला म्हणून सण सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. शेठांच्या घरी द्यायला ती एक खोका भरत होती. सहा कपांच्या सेटचा पुठ्ठ्याचा खोका, आत ओळीनं सहा खण. दोन-दोन खणांची जोडी. जोडीतला पुठ्ठा पातळ, उपसून काढता येणारा. जोड्यांमधला पुठ्ठा जाड आणि चिकटवलेला. मामीनं पहिल्या तीन खणांत लाडू रचले. मग चौथ्या खणात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि करंज्या पाचव्या-सहाव्या खणांत मिळून आडव्या ठेवल्या. मी शेजारी बसून फुटके लाडू संपवत होतो. सहज म्हणालो, एक खण वाया का घालवला?

“करंजीला दोन खण लागत्यात,” मामी म्हणाली. “चौथ्यात नि पाचव्यात ठिवली तर मदल्या जाड पुठ्ठ्यावर मोडंल. जोडीतच ठिवायची. आदला खण रिकामा जाईना का.”

माझ्या तोंडातला लाडू तसाच राहिला. तीन लाडू, एक रिकामा खण, मग दोन खणांची करंजी. तीन एकएकटे आकडे, मग दोन खणांचा आकडा. मी माझ्या साच्यात पाच खण सांगितले होते. जुना दुभाषा पाचच द्यायचा, एकाला एक चिकटून. पण नवा दुभाषा मामीसारखा असेल तर? दोन खणांचा आकडा जोडीतच बसवायचा म्हणून त्यानं मधला एक खण स्वतःच्या मनानं रिकामा सोडला असेल तर? मी मात्र पेटीचे पाच घास सलग ओतत होतो. तीन लाडू जागेवर पडत होते. करंजीचं पुढचं अर्ध, म्हणजे सुट्या पेंढ्या, त्या रिकाम्या खणात जाऊन पडत होतं, जिथे कोणी बघत नव्हतं. मागचं अर्ध, म्हणजे ढीग, सुट्यांच्या जागी. अठ्ठावीस सुट्या आणि दोन ढीग, पाचशे चाळीस मिनिटं, पुरे नऊ तास. आणि मी वाचत होतो दोन.

खोका मीच पोचवतो म्हणालो आणि मोपेड काढली. मंचरपर्यंत करंज्या शाबूत राहिल्या, एवढं तरी नीट केलं. दुकानात गेल्या गेल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: या साच्याचा आकार किती ते सांग. पडद्यावर आकडा आला, सहा. झेरॉक्स म्हणत होती पाच. ही एक ओळ मी पहिल्या दिवशी घातली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. मग साचा फेकून दिला, एकेक बाइट हातानं उचलला, सुट्यांत दर ढिगाचे दोनशे छप्पन्न मिळवले, आणि जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. पाचशे चाळीस. चारशे नव्वद. सहाशे दहा. पेटीनं प्रत्येक रात्रीचं दव बिनचूक लिहून ठेवलं होतं. शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी खोका उघडला, चौथ्या खणातला कागदाचा बोळा काढून पाहिला, परत ठेवला आणि विचारलं की मामांना तू सांगणार की मी सांगू. मी सांगतो म्हणालो.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं हेच काम करून पोट भरलं. मीटर, वजनकाटे, दवाखान्यातली यंत्रं, प्रत्येकाची बोलायची आपली रीत, आणि आपण ती खण मोजून ऐकायची. साच्यात एका घासात ओतायचं नाही, हा माझा नेम. हाताखालची पोरं हसतात, आता एवढं कोण करतं म्हणतात. मी त्यांना तीन लाडू आणि करंजी काढून दाखवतो, फळ्यावर. पुढचं सांगत नाही.

त्या दिवशी मंचरहून परतलो तेव्हा मामा मला बागेतच भेटले, खालच्या ओळींत, तपकिरी घड कात्रीनं काढून टोपलीत टाकत होते. मामी टोपली सरकवत होती. मी सगळं सांगितलं, पेंढ्या आणि ढिगांच्या भाषेत, कारण ती त्यांना येत होती. पेटी बरोबर होती, मी चुकलो, एवढं शेवटी स्पष्ट म्हणालो. ते म्हणायला मंचरपासून तयारी केली होती. मामा ऐकत होते, कात्री थांबली नव्हती. बावीस ओळींपैकी जेमतेम चार हाती लागल्या असत्या. ते म्हणाले, “पुढच्या साली बी पेटी हितंच ऱ्हाऊ दे. मिन्टं तूच सांग. पर आदी मला पेंढ्या सांगायच्या, सुट्या किती नि ढीग किती.” म्हणजे अजून विश्वास होता, फक्त आता ते स्वतः मोजून घेणार होते. मी वाकून टोपली उचलायला गेलो, तेवढंच काही करता आलं तर.

मामीनं टोपली माझ्या हातातून काढून घेतली. तिच्या नखांतला निळा रंग आता गेला होता.

“पेटी बी चांगली व्हती, माजा हात बी चांगला व्हता,” ती म्हणाली. “बिघाड तेवडा मदल्या मान्सात व्हता.”